नाईक : आडनाव होण्याआधी ते एक काम होतं

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "पूर्ण नाव काय तुमचं?" विचारणाऱ्याला पूर्ण नाव नको असतं, त्याला आडनाव पाहिजे असतं. अन् आडनावही नको असतं, त्यामागची जात पाहिजे असते. भाड्यानं खोली देताना हेच, स्थळ बघताना हेच, अन् नगरपालिकेची निवडणूक लागली की मग विचारूच नका. उमेदवारांच्या याद्या आमच्या हातात येतात तेव्हा प्रत्येक नावापुढे कोणीतरी पेन्सिलनं दोन अक्षरं लिहून ठेवलेलीच असतात.

पण एक आडनाव असं आहे की तिथं या पेन्सिलवाल्यांची पंचाईत होते. ते म्हणजे नाईक. आणि हे आडनाव अख्ख्या महाराष्ट्राला ओळखीचं करून दिलं ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

आधी एक गंमत बघा. १९९१ ते १९९३ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक. त्याच वेळी शेजारच्या गोव्याचे मुख्यमंत्री कोण होते? रवी नाईक. दोन शेजारी राज्यं आणि दोन्हीकडे नाईक! नातं काय? काहीच नाही. सुधाकरराव आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजाचे. रवी नाईक फोंड्याचे, भंडारी समाजाचे. आता सांगा, नाईक म्हणजे कोणती जात?

उत्तर सोपं आहे. कोणतीच नाही. नाईक हे एका कामाचं नाव होतं.

मूळ शब्द नायक. संस्कृतात 'नी' म्हणजे नेणे. जो चार माणसांना पुढे घेऊन जातो तो नायक. बोलता बोलता त्याचा नाईक झाला. हा शब्द एकट्या मराठीचा नाही. कोकणीत आहे, कानडीत आहे, तेलुगूत आहे. विजयनगरच्या साम्राज्यात मुलूख आणि फौज सांभाळणाऱ्या सरदारांना नायक म्हणत. ते साम्राज्य मोडल्यावर मदुराई, केळदी अशा ठिकाणी हेच नायक स्वतः राजे झाले.

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या पायदळात नाईक हा अगदी तळातला अंमलदार होता. नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, काही नाईकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी. म्हणजे दक्षिणेत नायक राजा होता आणि इथं तो दहा माणसांचा म्होरक्या. काम दोन्हीकडे एकच, माणसं पुढं नेणं. संख्या तेवढी वेगळी.

आता माणसं बघा. महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक, त्यांचं मूळ आडनाव जाधव असल्याचं सांगतात. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक मूळचे खोमणे, रामोशी समाजातले. त्यांच्या घराकडे पुरंदरच्या राखणीचं काम होतं. फलटणचे नाईक-निंबाळकर तर तीन मजली आडनावाचं उदाहरण आहे. कूळ पवार, निंबळक गावावरून निंबाळकर आणि मान म्हणून नाईक. कुळाचं एक, गावाचं एक, कामाचं एक. आपण मात्र सगळ्यालाच आडनाव म्हणतो आणि मोकळे होतो.

हा प्रकार फक्त आपलाच आहे असं समजू नका. गाड्यांच्या शर्यतीतला मायकेल शूमाकर आठवतो? जर्मन भाषेत शूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. श्नायडर म्हणजे शिंपी, श्मिट म्हणजे लोहार. जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे म्युलर, म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. गावोगाव एक तरी चक्की असायचीच, म्हणून गावोगाव एक म्युलर झाला. त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असण्याचं कारणच नाही. आणि तिथलं शुल्त्झ हे आडनाव तर आपल्या पाटलाचा जुळा भाऊ आहे. धन्याच्या वतीनं देणं वसूल करणारा, गावाचं बघणारा तो शुल्त्झ. मध्ययुगात शहरं वाढली, एकाच नावाची दहा-दहा माणसं झाली. मग वहीत ओळख पटावी म्हणून नावापुढे काम लिहायला लागले आणि पुढच्या पिढ्यांनी काम सोडलं तरी शब्द तसाच राहिला. फरक एवढाच की आज तिथं शूमाकर आडनाव ऐकून कोणी खोली नाकारत नाही.

आता येऊ आपल्या जिल्ह्यात.

बंजारा समाज रेल्वे येण्याच्या आधी या देशाची मालवाहतूक करत होता. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि चालू लागायचं. किनाऱ्यावरचं मीठ आत आणायचं, आतलं धान्य बाहेर न्यायचं. लमाण हे नाव लवण म्हणजे मीठ यावरूनच आलं असं सांगतात. फौजा निघाल्या की त्यांचं पोट भरायचं कामही यांचंच. शहाजहानच्या काळात १६३० च्या सुमारास मोगल फौज दख्खनवर आली, तेव्हा जंगी आणि भंगी नावाचे दोन राठोड नाईक आपला लमाण घेऊन सोबत आले अशी समाजाची परंपरा आहे. त्यांच्याकडे १ लाख ८० हजार बैल होते असं सांगतात. आकडा परंपरेतला आहे, मोजून घेतलेला नाही. पण वऱ्हाडातला इंग्रज अधिकारी कंबरलेज यानं एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर जे टिपण लिहिलं, त्यात ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

एवढा मोठा काफिला चालवायचा म्हणजे खेळ नाही. आज मुक्काम कुठे, पाणी कुठे, वाटेत जकात किती द्यायची, कोणत्या राजाशी बोलणी करायची, दोघांचं भांडण झालं तर न्याय काय द्यायचा, हे सगळं ज्याच्या डोक्यावर तो नाईक. त्याच्या जोडीला कारभारी. तांड्याचं नावही पुष्कळदा नाईकाच्या नावावरून पडायचं. आजही तिजेचा सण करायचा तर पोरी आधी नाईकाची परवानगी घेतात आणि होळीची लेंगी नाईकाच्या दारी म्हटली जाते.

लक्षात घ्या, नाईक हे पद होतं. म्हणून एकाच घरात एक नाईक असायचा, सगळे नसायचे. संत सेवालाल महाराजांच्या वडिलांना भीमा नाईक म्हणतात, पण मुलाला कोणी सेवालाल नाईक म्हणत नाही. घराची खरी ओळख गोताची. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे. ते गोत का टिकलं? कारण लग्न. एकाच गोतात सोयरीक होत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपलं गोत तोंडपाठ असावंच लागतं. कागदावर माणूस नाईक असो की आणखी काही, सोयरीक जुळवताना तो राठोडच असतो.

मग पद असलेला हा शब्द आडनाव कधी झाला? जेव्हा तांडा थांबला तेव्हा.

१८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. जे अंतर बैल महिना-महिना कापत होते ते आगगाडी दोन दिवसांत कापायला लागली. पुढे आपली शकुंतला मूर्तिजापूरहून थेट यवतमाळपर्यंत कापसासाठी आली. रस्ते झाले, बैलगाड्या वाढल्या. गोणीचा बैल बाद झाला. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि सरकार फिरत्या माणसाकडे संशयानंच बघायला लागलं. तांडे ठिकठिकाणी टेकले. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड या पट्ट्यात डोंगराच्या कडेनं, नाल्याच्या काठानं वस्त्या झाल्या. कोणी शेती धरली, कोणी मजुरी.

थांबलेल्या माणसाला सरकारी कागद चिकटतो. सातबारा, शाळेचा दाखला, कोर्टातला साक्षीपुरावा. प्रत्येक कागदात आडनावाचा रकाना. बहुतेकांनी तिथं गोत लिहिलं आणि राठोड, चव्हाण, पवार ही आडनावं झाली. ज्या घरात नाईकपण होतं त्यातल्या काहींनी तिथं पद लिहिलं.

गहुलीच्या घराचं असंच झालं. मूळ राठोड. पूर्वजांकडे तांड्याचं नाईकपण, म्हणून नाईक. वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. नागपूरला वकील झाले, पुसदला वकिली केली, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं, तेव्हा दोन्हीकडून विरोध झाला. आडनावावरून माणूस मोजणाऱ्यांशी त्यांची गाठ तेव्हाच पडली होती. ५ डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. एवढा सलग काळ राज्यात आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. त्यांच्या वाढदिवशी आपण कृषी दिन पाळतो.

आता जरा पैनगंगा ओलांडा. आपल्या जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द. पलीकडे तेलंगणातही हाच समाज आहे, भाषा गोरबोलीच, तिज तीच, सेवालाल तेच. तिथं त्यांना लंबाडा म्हणतात. तिथल्या पुरुषांच्या नावापुढे सर्रास नाईक लागतं, मग तो तांड्याचा प्रमुख असो की साधा शेतमजूर. कर्नाटकातही नाईक, नायक असंच चालतं. म्हणजे नदीच्या अलीकडे जो राठोड, तो पलीकडे नाईक. माणूस तोच, नदीही तीच, कागद लिहिणारं सरकार तेवढं वेगळं. जातीच्या याद्याही वेगळ्या. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती अ मध्ये, तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. या फरकावरून जे वाद चालू आहेत ते तुम्ही रोज वाचता, त्यात मी आज शिरत नाही.

आपल्याच जिल्ह्यात आणखी एक नाईक आहे, तो तर पुष्कळांना माहीतही नसतो. झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या कोलाम पोडांवर जा. पोडाच्या प्रमुखालाही नाईकच म्हणतात. त्याचा बंजाऱ्यांशी संबंध नाही, रामोश्यांशी नाही, गोव्याशी नाही. आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत नायकडा, नायका अशी जमात आहे, ती आणखी वेगळी. एकाच शब्दाखाली किती माणसं उभी आहेत बघा.

हा शब्द सरकारी नोकरीतही घुसला. फौजेत आजही लान्स नाईक, नाईक ही पदं आहेत. पोलिसात शिपाई आणि हवालदार यांच्या मध्ये पोलीस नाईक होता, ते पद २०२२ मध्ये गेलं. अन् सरकारी कार्यालयात शिपायाची बढती होते तेव्हा त्याला नाईक करतात. म्हणजे मंत्रालयात एकेकाळी सहाव्या मजल्यावर मुख्यमंत्री नाईक बसत होते आणि दाराबाहेर स्टुलावरही एक नाईकच बसलेला असायचा. दोघांच्या नावातला शब्द एकच, कामावरूनच आलेला.

आता मुद्द्याचं सांगतो. या सगळ्यात एक गोष्ट मला पत्रकार म्हणून फार महत्त्वाची वाटते.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे हीसुद्धा कामाचीच नावं. पाटील गावाचा, देशमुख परगण्याचा, कुलकर्णी आणि देशपांडे हिशेबाचे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे सिद्धये. आपले अमरावतीकडचे भाऊसाहेब म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे कदम. एक ब्राह्मण, एक कुणबी, आडनाव एकच, कारण देशमुखी हे वतन होतं. पण या मंडळींच्या आणि तांड्याच्या नाईकाच्या कामात एक मोठा फरक होता. पाटलाच्या कामाला वतन होतं. वतन म्हणजे जमीन, मानपान, दप्तरात नोंद. नाईकाच्या कामाला जमीन कशी असणार? त्याचा तांडाच चालता होता. त्याचा अधिकार होता तो माणसांनी मानला म्हणून.

१९६० साली राज्य झालं तेव्हा महसूलमंत्री होते वसंतराव नाईक. लोकांनी निवडलेला कारभार जिल्ह्यात कसा आणायचा हे ठरवायला जी समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच. तिच्या अहवालावरून १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच वर्षी महसुली पाटलाचं वंशपरंपरेचं पद रद्द करणारा कायदा झाला. बापाचं पद पोराला, ही रीत कागदावरून तरी संपली. नाईक नावाचा माणूस पाटीलकी संपवायला कारण झाला, हा इतिहासातला योगायोग मला भारी वाटतो.

पण इथंच एक गोष्ट राहून गेली. पाटलाचं पद रद्द करता आलं, कारण ते नोंदलेलं होतं. तांड्याच्या नाईकाचं पद रद्दही करता आलं नाही, कारण ते कधी नोंदलंच गेलं नव्हतं. आणि जसा नाईक नोंदलेला नाही, तसा तांडाही नाही. आजही कितीतरी तांडे दुसऱ्या महसुली गावाला जोडलेले आहेत. गाव तीन किलोमीटरवर, ग्रामपंचायत तिथं, रेशन तिथं, ग्रामसभा तिथं. तांडा सुधार योजनेला वसंतराव नाईकांचं नाव आहे. पण वेगळं महसुली गाव, वेगळी ग्रामपंचायत मागायला गेलं की लोकसंख्या, अंतर, उत्पन्न अशा अटींची यादी समोर येते. ज्या समाजातून राज्याला सगळ्यात जास्त काळ राहिलेला मुख्यमंत्री मिळाला, त्याच समाजातली म्हातारी माणसं अजून दाखल्यासाठी शेजारच्या गावी पायी जातात. नाईक हे नाव मुंबईपर्यंत गेलं, नाईकाचं काम मात्र तांड्यावरच, बिनकागदाचं राहिलं.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. जातीचं प्रमाणपत्र काढायला येणारी पोरं आडनावाच्या भरवशावर येतात. "आमचं आडनाव अमुक, मग आम्ही अमुकच." तसं नसतं बाबांनो. एकटं आडनाव हा जातीचा पुरावा ठरत नाही, आणि का ठरत नाही हे नाईक या एका शब्दानं तुम्हाला दाखवलं. पुरावा लागतो तो आजा-पणजाच्या शाळेच्या दाखल्याचा, महसुली नोंदींचा. घरातली जुनी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या की आपलं गोत काय, मूळ गाव कोणतं, कागदावर हे आडनाव कोणी आणि केव्हा लिहिलं. जुने कागद पेटीत पडले असतील तर फोटो काढून ठेवा. वाळवीला आरक्षण कळत नाही.

तिसरी गोष्ट मतांची. आडनाव बघून मत देणाऱ्यांना एवढंच म्हणतो की हे आडनाव पडलं तेव्हा त्यात काम होतं. ज्याला पाण्याची वाट माहीत नाही, त्याच्या मागं तांडा चालत नव्हता. चुकीच्या नाईकाच्या मागं गेलेला तांडा उन्हाळ्यात बैल गमावून बसायचा, म्हणून लोक माणूस पारखून घ्यायचे. आपण शब्द ठेवला आणि पारखणं सोडून दिलं. उमेदवाराच्या आडनावापुढे पेन्सिलनं जात लिहिण्यापेक्षा, मागच्या पाच वर्षांत नळाला किती दिवसांनी पाणी आलं ते लिहा. त्याच यादीवर, त्याच पेन्सिलनं.

तुमच्या तांड्यावर, पोडावर, गावात नाईक कोण आहे? पद म्हणून आहे की नुसतं आडनाव म्हणून? तुमच्या आडनावात कोणतं काम लपलं आहे? घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. मी सगळं वाचतो.